बंधाऱ्याकाठी भोंगाबाई

कापडगिरणीत कामाला लागली तेव्हा तिचा आवाज चारचौघींसारखाच होता. पण मागांच्या शेडमध्ये बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि वर्षानुवर्षं ओरडून गळा असा काही तयार झाला की एकदा पाळी सुटायच्या वेळेला गिरणीचा भोंगा बिघडला, तेव्हा मुकादम म्हणाला, "बाईंना गच्चीवर उभं करा, काम भागेल." शेडभर हशा पिकला आणि त्या दिवसापासून ती भोंगाबाई झाली. रागावली नाही. देवाने दिलं ते घ्यायचं, एवढंच म्हणाली. पण तेही इतक्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या खात्यात ऐकू गेलं.

घरीही आवाज तोच. लेक शाळेत होती तेव्हा फाटकाशी उभं राहून भोंगाबाईने "डबा विसरलीस गं" अशी हाक दिली की वरच्या वर्गातली पोरंसुद्धा आपापली दप्तरं चाचपायची. लेक लाजून अर्धी व्हायची. सकाळी अंघोळ झाली की भोंगाबाई देवाचं नाव घ्यायची, तेही खड्या आवाजात. खालच्या मजल्यावरचे लोक त्यावर चहाचं आधण ठेवत. मनातल्या मनात प्रार्थना करणं तिला कधी जमलं नाही. मनात म्हटलेलं आपल्यालाच नीट ऐकू येत नाही, तर देवाला काय येणार, असा तिचा साधा हिशेब होता.

नवरा त्याच गिरणीत फिटर. बिघडलेल्या मागाखाली आडवं पडायचं, कान यंत्राला लावायचा आणि खडखडाट कुठून येतो ते शोधायचं, हे त्याचं काम. त्या शेडमध्ये ओरडूनही भागत नसे, तेव्हा हात बोलायचे. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. कानाची पाळी ओढली की मुकादम येतोय. पोटावर थाप मारली की डबे उघडा. मूठ छातीला टेकवली की चूक माझी. ही भाषा कोणी शिकवली नव्हती, पण शेडमधलं प्रत्येक माणूस ती बोलायचं.

फिटर तरुणपणी तिच्या मागापाशी यायचा आणि बोटांची कात्री करून विचारायचा, तुटला का? तिचा माग धडधडीत चालू असायचा. ती मान हलवायची, नाही तुटला. थोड्या वेळाने हा पुन्हा हजर. शेवटी एक दिवस तिने आपल्या हाताने धागा तोडला, असं शेडमधल्या बायका सांगतात. ती अजून कबूल करत नाही. लग्न झाल्यावर घरात भांडण झालं की फिटर दारात उभा राहून तीच कात्री करायचा, तुटला का? भोंगाबाई आधी पाठ फिरवायची. मग कधी ती मूठ छातीला लावायची, कधी तो. त्यांच्या संसारातली निम्मी भांडणं अशी एक शब्दही न बोलता मिटली होती, आणि उरलेली निम्मी साऱ्या इमारतीला तोंडपाठ होती.

गिरणी सोडायचे दिवस जवळ आले तसा फिटर एकच गोष्ट बोलू लागला.

"आता शांत जागी जाऊन राहायचं. झाड, माती, आपली एक खोली. आवाज म्हणून नको."

"म्हणजे मी नको," भोंगाबाई म्हणाली.

"तू ये गं. तेवढा आवाज इथे ठेवून ये."

"कुलूप लावून ठेवू की शेजारणीकडे देऊ?"

तो हसला, पण विषय सोडला नाही. त्यांची लेक शेजारच्या देशात एका छोट्या गावी नर्स होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, इथे डोंगरातल्या वाड्या रिकाम्या पडल्यात. तरुण मंडळी शहरात गेली. बाहेरच्या माणसालाही छोटा तुकडा घेता येतो. शहरात तुम्हाला जमीन परवडायची नाही, इथे परवडेल. आणि मी जवळ आहे." झालं. त्या दिवसापासून फिटरच्या तोंडी दुसरा विषय नाही.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण ती भोंगाबाईनेच जिन्यात उभं राहून लेकीला फोनवर परत विचारली होती.

"वहिनी, परदेशात जमीन घेताय म्हणे," शेजारीण म्हणाली. "तिथल्या गाईंना तुमची भाषा कळेल का?"

"गाईंचं सोडा. इथे तुमच्या भावजींना तरी माझी भाषा कुठे कळते?"

विनोद झाला, पण आत काळजी होती. जिथे आवाज नको म्हणून लोक राहतात तिथे आपण काय तोंडाला पदर लावून बसायचं? आणि त्याच वेळी तिला हेही दिसत होतं की नवऱ्याने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. सणावारी नवा शर्टसुद्धा तिनेच आणायचा आणि त्याने "कशाला?" म्हणायचं. आता पहिल्यांदा त्याने काहीतरी मागितलं होतं. ते आपल्या गळ्यामुळे हुकलं तर? तिने देवाला विचारलं, नेहमीसारखं मोठ्याने. खालच्यांनी चहाचं आधण ठेवलं. उत्तर काही आलं नाही, म्हणून तिने बॅग भरली.

वाडीच्या पायथ्याशी बस थांबली तेव्हा गावकचेरीतला कारकून सायकल हातात धरून उभा होता. त्याची भाषा लेकीलाच येत होती. वाट एका ओढ्याकाठून वर जात होती. थोडं चढल्यावर दगडी बंधारा लागला. त्यावरून पाणी धडाधडा कोसळत होतं.

"हा एक तुकडा विकायचा आहे," कारकून काठावरच्या हिरव्या पट्टीकडे आणि पत्र्याच्या छपराच्या एका खोलीकडे हात करून म्हणाला. "वाटेत लागला म्हणून दाखवतो. घेत कोणीच नाही. दिवसरात्र हा पाण्याचा गोंगाट. आधीचा मालक कंटाळून गेला."

लेकीला हे आईबाबांना ओरडून सांगावं लागलं. भोंगाबाईने विचारलं, "आणि पावसाळ्यात पाणी वर येतं का?" विचारलं आपल्या नेहमीच्या आवाजात, आणि कोणी दचकून मागे वळलं नाही. तिला जरा बरं वाटलं. फिटर मात्र पाण्याकडे बघत उभाच राहिला. लेकीने दोनदा हाक मारली तेव्हा हलला.

ज्यासाठी आले होते तो वरचा तुकडा खराच सुंदर होता. बैठी दगडी भिंत, अक्रोडाचं मोठं झाड, कौलारू खोली, आणि शांतता अशी की कारकुनाने सायकल भिंतीला टेकवली त्याचाही आवाज दरीपर्यंत गेला असेल. फिटर म्हणाला, "हीच." अगदी हळू म्हणाला, देवळात बोलावं तसा.

मग कारकुनाने तिथला नियम सांगितला. तिथे जमीन विकताना बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याचा हक्क पहिला. त्याने स्वतः घ्यावी, नाहीतर "मला नको, यांना द्या" म्हणून कचेरीत येऊन सही करावी. शेजारी एकच होता, एक म्हातारा घड्याळजी. शहरातलं दुकान विकून इथे आला होता. आत्ता तो खाली बाजाराला गेला होता, थोड्या वेळात परतणार होता. आधी दोन गिऱ्हाइकं त्याने परत पाठवली होती. एकाकडे कुत्री होती, दुसऱ्याला बाजा वाजवायचा नाद होता.

"माणूस वाईट नाही," कारकून म्हणाला. "त्याला आवाज सोसत नाही, एवढंच."

हे सांगून होईपर्यंत लेकीचा चेहरा उतरला होता. तिने आईचा हात धरला. "आई, आजचा एक दिवस. तो आपल्याला बघणार, उद्या सही करणार. प्लीज."

"मी काय बाजा आहे का?" भोंगाबाई म्हणाली, आणि अक्रोडावरचे पक्षी उडाले.

फिटरने तिच्याकडे बघितलं. हात जोडले असते तर तिने त्याला झापलं असतं, पण तो नुसता बघत राहिला. भोंगाबाईने ओठ मिटले.

दिवसभर ते त्या तुकड्यावर फिरले. कौलं बघितली, विहिरीत डोकावले, मातीत हात घातले. सगळं बोलणं हातांनी. तिने चुलीची जागा दाखवली, त्याने धूर कुठून जाईल ते दाखवलं. तिने नाक मुरडून दाराकडे बोट केलं, त्याने बिजागरी हलवून 'होईल' म्हणून मान डोलावली. दुपारी त्याने पोटावर थाप मारली, दोघं झाडाखाली बसली आणि तिने डबा उघडला. गिरणीतले जुने दिवस आठवून तिला हसू आलं. तिने कानाची पाळी ओढून भिंतीकडे डोळे फिरवले. मुकादम येतोय. खरंच, भिंतीपलीकडे घड्याळजी उभा होता. उंच, वाकलेला, स्वच्छ शर्ट. तो बराच वेळ बघत होता. मग त्याने टोपी किंचित उचलली आणि आत गेला.

भोंगाबाईला दुसरी एक गोष्ट दिसली, पण तिचा अर्थ तिने लावला नाही. फिटर सारखा सारखा खाली जात होता. "पाणी बघून येतो," असं हाताने सांगायचा आणि उतारावरून बंधाऱ्याकडे चालू पडायचा. आला की थोडा वेळ बरा असायचा. मग पुन्हा कपाळाला आठी, पुन्हा डोकं एका बाजूला कललेलं.

संध्याकाळी लेक घड्याळजीला भेटून आली ती हसतच. "आई, करतोय सही! म्हणाला, इतकी शांत माणसं मी आजवर पाहिली नाहीत. मग हळूच विचारलं, तुमच्या आईवडिलांना बोलता येत नाही का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, कमी बोलतात."

फिटर हसला नाही. भोंगाबाईही हसली नाही.

लेकीच्या खोलीवर जेवणं झाली. भोंगाबाईने हात जोडले, डोळे मिटले आणि सकाळसारखं देवाचं नाव घ्यायला गेली तर शब्दच फुटेना. म्हातारा काय समजून सही करणार होता? की शेजारी मुकी माणसं येतायत. तो आपल्या बांधाचा हक्क सोडणार होता ते या समजुतीवर. पहिल्याच सकाळी त्या शांततेत तिने देवाचं नाव घेतलं की तो बिछान्यातून उठून बसणार. घ्यायचं नाही म्हटलं तर जन्मभर घ्यायचं नाही. आणि घेतलं तर ज्या देवाचं नाव घ्यायचं त्याच्यासमोर खोटेपणाने मिळवलेल्या मातीत उभं राहायचं. यातलं एकही तिला गिळता येईना. पण सांगितलं तर नवऱ्याच्या तोंडचा घास जाणार. त्याने आयुष्यात मागितलेली एकुलती एक गोष्ट.

फिटर खिडकीत बसला होता, तिकडे खाली हमरस्ता वाहत होता. तिने त्याला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "तुला पटेल ते कर," आणि मग त्याचं दुःखही त्यानेच गिळलं असतं. हे आपलं आपणच करायचं, असं तिने ठरवलं.

सकाळी वर वाडीतल्या कचेरीच्या लहानशा खोलीत कारकुनाने कागद मांडून ठेवले होते. घड्याळजी टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने सगळ्यांना मान लववली. कारकुनाने पेन पुढे केलं. घड्याळजीने ते हातात घेतलं.

"थांबा," भोंगाबाई म्हणाली.

खिडकीची तावदानं थरथरली. कारकुनाच्या हातून टाचण्यांची डबी पडली. घड्याळजी खुर्चीतच मागे सरकला आणि तिच्याकडे असं बघू लागला, की जणू टेबलच बोललं.

"आई," लेक दबक्या आवाजात म्हणाली.

"आई-बिई नंतर. मी बोलते ते त्यांना जसंच्या तसं सांग. म्हणावं, मी मुकी नाही. हा माझा साधा आवाज, यापेक्षा बारीक होत नाही. काल मी दिवसभर तोंड शिवून होते. गिरणीत हातांनी बोलायची सवय, म्हणून जमलं. पण मी रोज सकाळी देवाचं नाव घेते, आणि ते अस्संच घेते. सही करायची तर हे ऐकून करा. नंतर मला शिव्या द्याल, त्या तुमच्या भाषेत असतील, मला कळायच्या नाहीत, पण देवाला कळतील."

लेकीने डोळे पुसत पुसत सगळं सांगितलं. भोंगाबाई नवऱ्याकडे वळली. तिने मूठ छातीला टेकवली. चूक माझी.

फिटरने मान खाली घातली.

घड्याळजीने पेन टेबलावर ठेवलं, अगदी अलगद. मग लेकीशी बराच वेळ बोलला, आणि लेकीने सांगितलं ते असं. "आयुष्यभर माझ्या दुकानात भिंतीवर घड्याळं होती. टिकटिक आणि टोले. मी ती ऐकून पोट भरलं. आता माझ्या घरात एकही घड्याळ नाही. बाईंनी खरं सांगितलं, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. म्हणून मीही खरं सांगतो. मला हे सोसायचं नाही. वाईट वाटून घेऊ नका." जाताना त्याने भोंगाबाईसमोर टोपी पूर्ण काढली. आदल्या दिवशी नुसती उचलली होती.

ती वळून बघते तर फिटर खोलीत नव्हता.

तो बंधाऱ्याशी सापडला. काठावरच्या दगडावर, पाय पाण्यात सोडून. भोंगाबाई धापा टाकत खाली उतरली. वाटेत तिने मनाची तयारी केली होती. रागावला तर ऐकून घ्यायचं. गप्प बसला तर तेही ऐकून घ्यायचं.

"बोला काय बोलायचं ते," ती शेजारी बसत म्हणाली. "हुकली तुमची शांत जागा. माझ्या या गळ्यापायी."

फिटर पाण्यावरची नजर न हलवता तिच्या कानाशी सरकला. "तुला एक सांगायचं होतं. मला वाटलं तू हसशील."

"मी हसले तर साऱ्या वाडीला कळेल. सांगा."

"काल वर उभा राहिलो ना, त्या झाडाखाली. काही म्हणजे काही आवाज नाही. आणि माझ्या कानात शेड सुरू झालं. सगळे माग. धडधड, शिट्टी, सगळं. इमारतीत पंखा असतो, रस्ता असतो, म्हणून इतकं कळत नाही. वर कळलं. जितकं शांत तितकं मोठं." तो थांबला. "मला वाटत होतं, गिरणी सुटली की ते सुटेल. ते आतच बसलंय गं."

भोंगाबाईला थंडीतही चालू ठेवलेला पंखा आठवला. दाढी करताना उघडा सोडलेला नळ, ज्यावरून तिने जन्मभर त्याला बोल लावले. रस्त्याच्या बाजूच्या खिडकीतली त्याची खुर्ची. जन्मभर त्याच्याशी हातांनी बोलली, आणि हे एवढं वाचलं नाही.

"मग काल 'नको' का नाही म्हणालात?"

"तुम्ही दोघी एवढ्या लांब आलात माझ्यासाठी. तू दिवसभर तोंड मिटून बसलीस. कसं म्हणणार?"

"आणि मी आज तोंड उघडलं ते तुमचं नुकसान होणार म्हणून आतून रडत! आपण दोघं म्हणजे..." तिने कपाळावर हात मारला. "आणि इथे? इथे काय होतं कानात?"

"इथे पाणी आहे," फिटर म्हणाला. "नुसतं पाणी. बाकी काही नाही." आणि त्याच्या कपाळावरची आठी गेलेली तिला दिसली.

तिनेही पाय पाण्यात सोडले. मग वर मान करून कारकुनाच्या दिशेने ओरडली, "अहो साहेब, हा तुकडा कोणाच्या बांधाला लागतो?"

कारकून अर्ध्या चढावर होता. भाषा त्याला कळली नाही, पण हाक पोहोचली. तो सायकल टाकून उतरू लागला. त्या तुकड्याला एका बाजूला ओढा होता, दुसऱ्या बाजूला रस्ता. बांधाला शेजारी नव्हताच.

आता ती दोघं तिथे राहतात. पत्र्याच्या जागी कौलं आली, भाजीचे वाफे झाले, दारासमोर फिटरने पाय सोडून बसायला दगड नीट बसवून घेतले. भोंगाबाई पहाटे पाण्याकाठी उभी राहून देवाचं नाव घेते, गळा मोकळा सोडून. वारा वरच्या अंगाला असला की तो आवाज अक्रोडाच्या झाडापर्यंत जातो म्हणतात. त्याबद्दल माफी मागायला ती एकदा भाजीची टोपली घेऊन घड्याळजीकडे गेली होती. तो म्हणाला, "घरात घड्याळ नाही. तेवढ्यानेच सकाळ झालेली कळते. लांबून आहे तोवर चालेल." लेकीने हे सांगितलं तेव्हा भोंगाबाईने ठरवलं, वारा फिरला तरी आपण जागा बदलायची नाही.

त्यांच्यात भांडणं अजून होतात. परवा वाफ्याला पाणी द्यायच्या पाळीवरून झालं. ती बंधाऱ्याच्या अलीकडे, तो पलीकडे, मध्ये कोसळतं पाणी. ती काय वाटेल ते बोलून घेत होती आणि त्यातला एक शब्द त्याच्यापर्यंत जात नव्हता. शेवटी त्याने फावडं खाली ठेवलं, हात वर केला आणि दोन बोटांची कात्री केली. तुटला का?

भोंगाबाईने आधी पाठ फिरवली. मग वळली, आणि तिचा माग धडधडीत चालू असायचा तेव्हा हलवायची तशी मान हलवली.